हरिबाची लहान साक्ष

जळकोटला हायवेच्या कडेला शिवराजचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक भट्टी आणि भज्यांची परात. तिथं बसून हरिबानं आयुष्यात जेवढी मेंढरं हाकली, तेवढी त्याच्या काटेरी कुंपणाच्या वाडग्यात कधीच नव्हती. वाडग्यातली मेंढरं चाळीस. हॉटेलातली चार हजार, आणि तीही दरसाल वाढणारी. त्यातल्या एका मेंढ्यानं हैदराबादला निघालेल्या ट्रकला अशी धडक दिली होती की ट्रकचं तोंड सोलापूरकडं फिरलं, आणि ड्रायव्हरला ते नळदुर्ग आल्यावर कळलं. एका साली लोकर एवढी दाट आली की कातरता कातरता कात्री आत हरवली. ती पुढच्या साली सापडली, आणि तीही धार लावलेली. तीन वर्षं एक लांडगा हरिबाकडं राखणीला होता. पगार मागायचा नाही, फक्त दिवाळीला चार दिवस सुट्टी घ्यायचा.

ह्यातल्या एका अक्षरावर कुणी विश्वास ठेवत नसे, आणि म्हणूनच कुणाचं काही बिघडत नसे. शिवराज त्याला चहा फुकट पाजायचा, कारण हरिबा बोलत असेतो गिऱ्हाईक उठत नव्हतं.

मागच्या वर्षी होळीच्या सुमाराला हरिबाला खोकला धरला. आधी त्यानं त्याचीही गोष्ट केली: आपण खोकलो की पलीकडच्या गावात पत्रे वाजतात. मग थुंकीत रक्त दिसलं आणि गोष्ट तिथंच थांबली. सरकारी दवाखान्यात तपासणी झाली. टीबी निघाला. सहा महिने गोळ्या, रोज तीन, एक दिवसही खंड नाही. गावातली आरोग्यखात्याची आशाताई मंजुषा रोज सकाळी येणार, आपल्या डोळ्यांसमोर गोळ्या गिळायला लावणार, आणि पाकीट रिकामं झालं की त्याच्यामागं पेनानं तारीख टाकणार. पाकिटं फुकट, मंजुषाचा दम फुकट.

त्या दिवसांत हॉटेलातली मंडळी लांबून हात करायची. जवळ आली ती शरणबसप्पा गुरुजींची माणसं. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, आणि त्यांच्या घरामागं पत्र्याचं एक शेड, त्यात दर रविवारी तीस-पस्तीस विश्वासणारे प्रार्थनेला जमायचे. त्यातले दोघं-चौघं आळीपाळीनं हरिबाच्या ओसरीवर येऊन बसायचे, प्रार्थना करायचे, जाताना अंडी ठेवून जायचे. हरिबाला आधी अंडी आवडली. मग माणसं आवडली. मग ती ज्याचं नाव घ्यायची तोही आवडायला लागला. खोकला गेल्यावर दिवाळीच्या आधी गुरुजींच्या शेततळ्यात त्यानं बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्म्याच्या आधी त्यानं पाळकांना एकच गोष्ट विचारली होती. पाळक महांतेश म्हणजे लोहाऱ्याहून मोटारसायकलवर येणारा पस्तिशीचा माणूस, महिन्यातले दोन रविवार इकडं, दोन दुसरीकडं.

"पास्टरसाहेब, पवित्र जीवन, पवित्र जीवन म्हणता. म्हणजे करायचं काय?"

महांतेशनं जरा विचार केला. "काका, तुम्ही मेंढरं राखली. एखादं मेंढरू देवाच्या नावानं वेगळं काढलं तर काय करता?"

"कानाला खूण करतो. मग त्याला विकत न्हाय आन कापत बी न्हाय."

"बस. पवित्र म्हणजे देवाच्या नावानं वेगळं काढलेलं. आता खूण तुमच्या कानाला."

हरिबाला हे चटकन पटलं. तंबाखू त्यानं पाण्यात उतरायच्या आदल्या दिवशी सोडली. शिव्या आठ दिवसांत सुटल्या. एखादी ओठावर आली की तो खाकरायचा. शिंदीच्या गुत्त्याकडं त्यानं पाठच फिरवली. राहिल्या थापा. त्या हॉटेलात बसूनच सुचायच्या, म्हणून त्यानं हॉटेलात जाणंच बंद केलं. शिवराज रस्त्यात भेटला की म्हणायचा, "हरिबाकाका, लांडगा सुट्टीवरनं आला का?" हरिबा मान खाली घालून पुढं जायचा, पण जीभ आत चुळबूळ करायची.

त्याची बायको सिताबाई रविवारी त्याच्याबरोबर शेडमध्ये यायची, पण दारापाशी बसायची. तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. गुरुजींनी विचारलं तर म्हणाली, "ह्यांच्या थापा खरंच सुटल्या तर मी बी उतरते तळ्यात. चाळीस वर्षं ऐकल्यात. उगं घाई कशाला."

आता त्या शेडमध्ये एक रीत होती. उपदेशाच्या आधी ज्याला वाटेल त्यानं उभं राहून साक्ष द्यायची, म्हणजे प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत सांगायचं. हरिबानं पहिली साक्ष दिली ती अशी: "मला टीबी झाला व्हता. सहा महिने गोळ्या खाल्ल्या. तुमी प्रार्थना केली. बरा झालो. प्रभूची स्तुती असो."

मंडळी आमेन म्हणाली. पण भाजीत मीठ बरोबर पडलंय का विचारल्यावर जेवणारा जसा हुंकार देतो, तसं. त्याच्यानंतर एक बाई उठली. तिला विंचू चावला होता आणि गाण्याच्या दुसऱ्याच कडव्याला कळ उतरली होती. तिला जे आमेन मिळालं त्यानं पत्र्यावरची कबुतरं उडाली.

विंचवासारख्या किरकोळ जिवावर बाई एवढी पुढं जाते आणि आपण टीबी घेऊन मागं राहतो, हे हरिबाच्या मनाला लागलं.

पुढच्या साक्षीत गोळ्यांनी गुण येईनासा झाला. त्याच्या पुढच्या साक्षीत डॉक्टरांनी हात टेकले. नाताळात, शेड माणसांनी भरलेलं असताना, हरिबानं सांगितलं की आपण एक दिवस बोरी नदीच्या पुलावर उभं राहिलो, सगळी पाकिटं पाण्यात टाकली, आणि म्हणालो, प्रभू, आता तू आन मी. तिथून घरी येईतो खोकला गेला. शेड दणाणलं. नवीन आलेल्या चार बायांनी डोळे पुसले. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. जानेवारीच्या पहिल्या रविवारी लोकांनी स्वतःहून म्हटलं, "हरिबाअण्णा, ती नदीची साक्ष सांगा." त्यानं सांगितली. तेव्हा पूल जरा उंच झाला होता.

घरी आल्यावर सिताबाईनं चप्पल काढता काढता विचारलं, "पाकिटं नदीत टाकली का?"

हरिबा चूळ भरायला रांजणाकडं वळला.

"मग आपल्या ज्वारीत काय लटकतंय?"

लटकत होती ती तीच पाकिटं. सिताबाईनं अठरा रिकामी पाकिटं दोरीत ओवून ज्वारीच्या वर बांधली होती. वाऱ्यानं ती फिरायची, चमकायची आणि चिमण्या बसायच्या नाहीत.

"अगं, देव मोठा हाय का न्हाय?" हरिबा म्हणाला. "मोठ्या देवाची गोष्ट उलशी कशी सांगायची?"

"देव मोठा हाय," सिताबाई म्हणाली. "गोष्ट तुमची हाय."

एवढ्यावर ते बोलणं राहिलं. त्यानंतरच्या एका गुरुवारी सकाळी मंजुषाची स्कूटी दारात थांबली. हरिबा वाडग्यापाशी बसून दोरी वळत होता.

"मामा, तब्येत बरी ना?"

"तुझ्या किरपेनं दगडासारखी."

"एक काम हाय तुमच्याकडं." मंजुषा खाली बसली नाही. "नीलम्माक्काची श्रीदेवी हाय ना, शिवणकाम करती ती. तिला टीबी हाय. दुसरा महिना चाललाय. मी अकरा दिवस ट्रेनिंगला गेलते. आज जाऊन बघते तर पाकीट भरलेलं तसंच. अकरा दिवस गोळी न्हाय तोंडात. अक्का म्हणती, आमच्या मंडळीतल्या एका म्हाताऱ्यानं गोळ्या नदीत टाकल्या आन बरा झाला. त्याच्यावर दया झाली, माझ्या लेकीवर होणार न्हाय का. नाव सांगत न्हाय. तुमी तिथं जाता. कोण हाय हा म्हातारा?"

हरिबाच्या हातातली दोरी उलगडली.

"असंल कुणीतरी," तो म्हणाला.

"सापडला तर त्याला सांगा, मधीच सोडलं की रोग हट्टाला पेटतो. मग ह्या गोळ्यांना ऐकत न्हाय. बावीस वर्षांची पोरगी हाय. पुन्हा रक्त पडाय लागलंय."

मंजुषा स्कूटीकडं वळली. तिनं स्कूटी चालू केली, वळवली, पार बाभळीपर्यंत गेली. हरिबाच्या डोक्यात तेवढ्यात तीन गोष्टी तयार झाल्या. एकीत म्हातारा परगावचा होता. दुसरीत तो मागच्या महिन्यात वारला होता. तिसरी तर अशी झकास होती की मंजुषाला हसू आलं असतं. आणि मग त्याचा हात आपसूक कानाकडं गेला. खूण केलेलं मेंढरू दुसऱ्याच्या पिकात घुसलं की शेतकरी आधी मेंढरू बघत नाही, खूण कुणाची ते बघतो. हे त्यानं आयुष्यभर बघितलं होतं आणि त्यापायी चार वेळा मारही खाल्ला होता.

"मंजुषा," त्यानं हाक मारली. "थांब पोरी. तो म्हातारा मीच."

मंजुषानं स्कूटी बंद केली. परत चालत आली. आता मात्र दगडावर बसली.

"एकशे अडुसष्ट दिवस आले मी, मामा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "माझ्या हातावरची गोळी घेतली तुमी. पाय मुरगळला तेव्हा लंगडत आले. पहिल्या महिन्यात उलटी काढली तुमी माझ्या साडीवर."

"व्हय."

"माझं नाव घ्यायचं ऱ्हाऊ द्या. पण नदीत?"

हरिबाला वाटलं हिनं एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिनं दिली नाही. म्हणाली, "आजच्या आज जाऊन अक्काला सांगा," आणि गेली.

हरिबा तसाच उठून निघाला. नीलम्मा विधवा बाई, ज्वारीच्या कडक भाकरी करून नळदुर्गच्या हॉटेलांना पोचवायची. ओसरीवर चुलीपुढं बसली होती. आत खोकल्याचा आवाज होता. शिवणयंत्रावर फडकं टाकून ठेवलेलं होतं.

"या अण्णा, बसा. तव्यावरची उतरू द्या."

"अक्का, म्या खोटं बोललो."

"कधी?"

"शेडमधी. गोळ्याचं. नदीत काय बी टाकलं न्हाय. साऱ्या गोळ्या खाल्ल्या मी. म्हणून बरा झालो."

नीलम्मानं भाकरी उलटली, कडा दाबल्या, मग वर बघितलं. "तवा खोटं बोलला, का आत्ता बोलताय?"

हा प्रश्न हरिबाला अपेक्षित नव्हता. रागावेल, रडेल, हाकलून देईल, एवढं सगळं त्यानं वाटेत धरलं होतं.

"आत्ता खरं बोलतोय, अक्का."

"अण्णा, हॉटेलात तुमी काय काय बोलता ते लहान लेकराला ठावं हाय. आमचे मालक आजारी व्हते तवा तुमच्या लांडग्याचं आठवून हसायचे. ती वेगळी गोष्ट. दोन वर्षं दवाखान्याच्या गोळ्या खाल्ल्या मालकांनी, पिशव्या भरून. गेलेच. म्हणून तुमची साक्ष ऐकली तवा मला वाटलं, हे माझ्यासाठी हाय. प्रार्थनेत उभं ऱ्हाऊन माणूस खोटं बोलत न्हाय, एवढं धरून चालले मी." तिनं पुढचा गोळा हातात घेतला. "आता सकाळी आशाबाई तुमच्या दारात गेलती, मला कळलंय. तिनं भ्या घातलं आन तुमी फिरला."

"फिरलो न्हाय."

"मग जिथं ते सांगितलं तिथं सांगा. साऱ्यांसमोर. माझ्या ओसरीवरचं मी धरत न्हाय."

दाराआडून श्रीदेवीचा आवाज आला. बोलायच्या आधी तिला दम घ्यावा लागला. "काका, गोळ्या खाल्ल्या की उलटी व्हायची का तुमाला?"

"पयले वीस दिवस. मग ऱ्हायली."

"मला अजून व्हती. मला वाटलं, तुमाला सोडवलं देवानं, मला बी सोडवंल." मग बराच वेळ खोकला. "ती नदी तुमी इतकी बरोबर सांगितली."

चाळीस वर्षांत त्याच्या गोष्टीला असा शेरा कुणी दिला नव्हता. हरिबानं चप्पल हातात घेतली आणि उलट्या पावली ओसरी उतरला.

वाटेतच त्यानं महांतेशला फोन लावला. सगळं सांगितलं, मध्ये एकही फाटा फुटू न देता.

"काका, रविवारी मी आहेच तिकडं," महांतेश म्हणाला.

"रविवारला तीन दिवस हायत. पोरगी तवर खोकत बसंल."

"मग उद्या. उद्या शुक्रवार, दुपारी उपासाची प्रार्थना आहेच. मी येतो. नीलम्माक्कांना मी फोन करतो." मग फोन ठेवायच्या आधी म्हणाला, "काका, गोळ्यांनी गुण येईना म्हणालात तेव्हा मी तिथं होतो. पहिल्या वेळची साक्ष माझ्या लक्षात होती. मी काही बोललो नाही. शेड भरायला लागलं होतं. बरं वाटत होतं मला."



शुक्रवारी सकाळी तो ज्वारीत गेला. कणसं भरली होती. सिताबाई बांधावर गोफण घेऊन बसलेली.

"ती माळ सोड."

"कशाला?"

"शेडात न्यायची हाय. माझ्या तोंडावर कोण बी विश्वास ठीवत न्हाय."

"आन चिमण्या? त्या काय तुमच्या थापांनी हाकू?" असं म्हणत तिनं गोफण खाली ठेवली, उठली आणि दोरीची गाठ सोडली. माळ झटकून त्याच्या हातात देताना म्हणाली, "एक सांगते. उलसंच बोला. तुमी लांब बोलाय लागला की मला खरं आन खोटं वेगळं करता येत न्हाय."

दुपारी शेडमध्ये चाळीसेक माणसं होती. उपास असल्यानं कुणाच्या चेहऱ्यावर फारसं तेज नव्हतं. नीलम्मा बायकांत पुढं बसली होती, पदर घट्ट ओढून. सिताबाई दारापाशी. महांतेशनं एवढंच सांगितलं, "हरिबाकाकांना साक्ष द्यायची आहे." लोक सावरून बसले. कुणीतरी म्हणालं, "नदीची."

हरिबा उभा राहिला. हातात पाकिटांची माळ, तिला कणसांचा भुसा चिकटलेला.

"मंडळी, म्या खोटं बोललो," तो म्हणाला. "माझ्याएवढा खोटा माणूस ह्या मंडळीत न्हाय." लोक पुढं सरकले. हरिबाला ते जाणवलं. चाळीस वर्षांचा सराव. माणसं किती बोटं पुढं सरकली ते त्याला न बघता कळायचं. "ह्या जळकोटात न्हाय. साऱ्या जिल्ह्यात माझ्यासारखा पापी शोधून सापडणार न्हाय. लहानपणी मी पयलं खोटं बोललो तवा आमच्या विहिरीचं पाणी..."

दारापाशी बांगड्या वाजल्या. सिताबाईनं हात गुडघ्यावर आपटला होता, बाकी काही नाही.

हरिबा थांबला. विहिरीचं पाणी पुढं काय होणार होतं ते त्याला दिसत होतं, आणि ते फार छान होतं. त्यानं ते गिळलं. गोळीपेक्षा अवघड गेलं.

"विहिरीचं काय न्हाय," तो म्हणाला. "नदीत बी काय न्हाय. मी पुलावर गेलोच न्हाय. ही अठरा पाकिटं. मागं तारखा हायत, मंजुषानं घातलेल्या. रोज तीन गोळ्या खाल्ल्या, तिच्यासमोर. त्यानं बरा झालो. नदीचं मी बनवलं, तुमी जोरात आमेन म्हणावं म्हणून. ते ऐकून एका पोरीनं गोळ्या सोडल्या. बारा दिवस झाले. एवढंच."

आणि तो खाली बसला. एवढी छोटी गोष्ट त्यानं जन्मात सांगितली नव्हती.

आमेन कुणी म्हणालं नाही. मागं एक जण फिसकन हसला आणि त्याला त्याच्या बायकोनं कोपर मारलं. विंचवाची बाई उगाच खाली बघायला लागली. शरणबसप्पा गुरुजी उठले. शाळेत असताना खोट्या दाखल्यावर सही करायला नकार दिला म्हणून त्यांची बदली झाली आणि त्यांनी कर्नाटकाच्या शिवेवर तीन वर्षं काढली होती. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"हरिबा, तुझ्या साक्षीवर चार घरं इथं आली. मी त्यांना काय सांगू? प्रभूनं तुझ्यासाठी काहीच केलं नाही म्हणून सांगू?"

"केलं की, गुरुजी." हरिबा बसल्या जागीच बोलला. "तिसऱ्या आठवड्यात मी पळून चाललो व्हतो. उलट्यांनी बेजार. भाच्याकडं कळंबला जायचं, गोळ्या न्हाय, मंजुषा न्हाय. पिशवी भरली व्हती. तवा तुमी आलता ओसरीवर. आठवतंय? प्रार्थना केली, आन जाताना म्हणला, हरिबा, उद्या बी येतो. मग उद्या पळता येईना. परवा बी तुमी म्हणला, उद्या येतो. असं करत सहा महिने गेले." त्यानं माळ मांडीवर ठेवली. "मला एका जागी सहा महिने बसवणं ही काय साधी गोष्ट हाय व्हय. मला वाटतं ते देवाचंच काम. पण ते दिसाय लई बारीक दिसतं. सांगाय लाज वाटली."

गुरुजी खाली बसले.

नीलम्मा उठली. ती हरिबापाशी आली आणि हात पुढं केला. त्यानं माळ दिली. मराठी अक्षर तिला धड वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. एकेक पाकीट उलटं करून ती बोटानं तारखा वाचत गेली. एका पाकिटापाशी बोट थांबलं.

"हा दिवस मालकांच्या वर्षश्राद्धाचा," ती म्हणाली. "तुमी जेवाय आलता. जेवायच्या आधी पडवीत आशाबाई तुमाला काय तरी खाय घालत व्हती. मी म्हणलं, काय हाय? ती म्हणली, शेंगदाणे."

"मीच तिला सांगितलं व्हतं तसं म्हणाय," हरिबा म्हणाला.

"म्हणजे तवा बी खोटंच."

"व्हय अक्का."

नीलम्मानं माळ गुंडाळली, कमरेला खोचली आणि प्रार्थना संपायच्या आधीच बाहेर पडली. पत्र्याच्या खिडकीतून दिसत होतं. ती मंजुषाच्या घराच्या बाजूला वळली.

पुढचं सगळं साधंच झालं. श्रीदेवीला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, थुंकी पुन्हा तपासली. नशीब की रोग अजून गोळ्यांचं ऐकत होता. राहिलेले बारा दिवस शेवटी वाढवून दिले. उलटीवर डॉक्टरांनी वेगळी गोळी दिली. ती आधीच मागायला हवी होती, हे कुणाला ठाऊकच नव्हतं. गुरुजींनी हरिबाला सांगितलं की सहा महिने साक्षीला उभं राहायचं नाही. ते सहा महिने त्यांनी मोजून दिले, औषधासारखे. चार घरांतली दोन यायची बंद झाली. त्याचं दुःख हरिबाला झालं आणि ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी तो नीलम्माच्या ओसरीवर जाऊन बसायचा. श्रीदेवीनं गोळी घेतली की मंजुषा निघून जायची, आणि हरिबा उठताना म्हणायचा, "उद्या बी येतो."

पहिले आठ-दहा दिवस नीलम्मानं त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मग एकदा भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी पुढं सरकवली.

हॉटेलाचं त्यानं महांतेशला विचारून टाकलं. "तो लांडगा, पास्टरसाहेब. तो सोडायचा का ठेवायचा?"

महांतेशनं मोटारसायकलची किक मारायची थांबवली. "काका, लांडगा ऐकून आजवर कुणी मेंढरं मोकळी सोडली का?"

"न्हाय. हसतात नुसते."

"मग लांडग्याचं तुम्ही आणि तो बघून घ्या. फक्त शेडमध्ये आणू नका."

उन्हाळा लागता लागता एका संध्याकाळी हरिबा शिवराजच्या बाकड्यावर पुन्हा टेकला. सिताबाई बाजारची पिशवी घेऊन बाजूला उभी होती. समोरच्या गल्लीतून शिवणयंत्राचा आवाज येत होता, मध्ये मध्ये थांबणारा, पण खोकल्यापायी नव्हे. दोरा तुटत असावा. नीलम्माच्या घरात यंत्राच्या वरच्या खिळ्याला ती माळ टांगलेली होती. श्रीदेवी तिच्यात आपली पाकिटं ओवत चालली होती.

शिवराजनं चहा पुढं केला. "काय हरिबाकाका, नीलम्माक्काची पोरगी बरी झाली म्हणं. तुमीच वाचवली म्हणतात."

बाकड्यावरची माणसं वळली. ती किती सरकली ते हरिबाला न बघता कळलं.

"मंजुषानं वाचवली," तो म्हणाला. "तिच्या आईनं. गोळ्यांनी. देवानं."

"आन तुमी?"

"मी बारा दिवस घालवले."

माणसं पुन्हा आपापल्या बशीकडं वळली. शिवराजला वाटलं, म्हातारा संपला.

घरी जाताना हरिबानं सिताबाईला विचारलं, "ऐकलंस न्हवं? आता उतरणार का तळ्यात?"

सिताबाईनं पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "पुढची ज्वारी येऊ द्या," ती म्हणाली. "अजून एक साल बघते."